दोन जावांच्या कंबरा

"वाका," ऐश्वर्या मॅडम म्हणाल्या. "मागच्या वेळी वाकला होतात तशाच."

दिपा वाकली नाही. भिंतीला हात टेकून ताठ उभी राहिली.

मॅडमनी फाईल उघडून पाहिली. "पंधरा दिवसांपूर्वी बोटं गुडघ्याखाली गेली होती तुमची. जास्त दुखतंय का आता?"

"दुखत न्हाई येवढं. भ्या वाटून राहिलं."

कोपऱ्यातल्या स्टुलावर दिपाची थोरली जाऊ द्वारकाबाई बसली होती. तिनं पदर सारखा केला आणि भिंतीवरच्या मणक्याच्या चित्राकडे नजर लावली.

दोघी सकाळच्या जीपनं आपल्या गावाहून, गोरेगावहून, हिंगोलीला आल्या होत्या. दोघींचीही कंबर धरलेली. दिपाची सोयाबीनचं पोतं उचलताना धरली, त्याला महिनाही झाला नव्हता. द्वारकाबाईची चार वर्षांपासून. दिपाला धड उठता येईना, तसा तिचा नवरा बालाजी आठव्या दिवशी गाडी करून तिला फिजिओथेरपीच्या या दवाखान्यात घेऊन आला होता. निघता निघता म्हणाला, "वैनी, तुमीबी चला. दाखवून घ्या." द्वारकाबाई मागच्या सीटवर बसली. चार वर्षांत तिच्या नवऱ्यानं बामच्या बाटल्या तेवढ्या आणून दिल्या होत्या.

त्या दिवशी मॅडमनी दोघींना आळीपाळीनं पलंगावर झोपवलं, पाय उचलून पाहिले, दोघींना सारखेच प्रश्न विचारले. मग दिपाला म्हणाल्या, "सहा आठवड्यांत तुम्ही शेतात जाल. लवकर आलात, फार चांगलं केलंत."

"अन् माहं?" द्वारकाबाईनं विचारलं.

मॅडम तिच्याकडे वळल्या. "तुमचं जुनं आहे. पायात कळ उतरते. दुखेल म्हणून तुम्ही वाकणंच सोडलंय. व्यायाम केलेत तर फरक पडेल. पण किती दिवसांत, ते आज सांगता येणार नाही."

परतताना बालाजीनं दिपाच्या पाठीमागं उशी लावली. द्वारकाबाई सारा रस्ता त्या उशीकडे पाहत आली.

घरी दिपा रोज ओसरीवर सतरंजी टाकून व्यायाम करायची. ती गुडघे पोटाशी घ्यायची, बालाजी मोजायचा. मध्येच आकडा चुकायचा, मग दोघं हसायची. तिसऱ्या दिवशी बालाजी शेतात गेल्यावर द्वारकाबाई दिपाजवळ जाऊन बसली.

"सांभाळून कर माय. माह्या माहेरी एका बाईचा मनका असाच सरकला. जाग्यावर बसली, ती पुन्हा उठली न्हाई."

तशी बाई तिच्या माहेरी कुणीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर सतरंजी पडली नाही.

"कशाचं भ्या वाटतं?" मॅडम आता विचारत होत्या.

"मनका सरकंल म्हून."

"कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

द्वारकाबाई पुन्हा मणक्याच्या चित्राकडे पाहू लागली. दिपानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"गावातल्या बाया म्हन्तेत."

द्वारकाबाईला आधी हायसं वाटलं. मग वाटलं, हे असं पोटात घालणंही हिलाच जमतं.

मॅडम खुर्चीवर बसल्या. "दिपाताई, तुमचा मणका जागेवर आहे. पण ही भीती बसली ना, तर सहा आठवड्यांचे सहा महिने होतात. मग मीसुद्धा सांगू शकणार नाही, कधी बरं होईल ते." त्यांनी फाईलमध्ये लिहिलेल्या 'सहा आठवडे' या अक्षरांवर रेघ मारली.

द्वारकाबाईनं ती रेघ पाहिली. तिला हेच पाहिजे होतं. आता डोळ्यांनी पाहिलं, तर ते बघवेना.

"म्या सांगितलं," ती म्हणाली.

"आक्का, ऱ्हाऊ द्या."

"काहून ऱ्हाऊ देऊ? तशी कोनती बाई न्हाई माह्या माहेरी. खोटं बोलले म्या." तिचा आवाज चिरकला. "तुला आठ दिसांत आनलं. मला चार वर्सांत कोनी आनलं न्हाई. म्हून बोलले."

दिपा खाली मान घालून उभी. मॅडमनी पेन टेबलावर ठेवला.

द्वारकाबाई कंबरेवर हात ठेवून कण्हत उठली आणि जावेसमोर जाऊन उभी राहिली.

"वाक आता."

दिपानं भिंतीवरचा हात काढला. डोळे मिटून हळूहळू वाकायला लागली. बोटं मांडीवरून गुडघ्यावर आली आणि तिथंच थांबली. श्वास अडकला होता. मग तिनं तो सोडला. बोटं गुडघा ओलांडून नडगीवरून सरकत घोट्याच्या दिशेनं निघाली.

गाडीतल्या त्या उशीकडे पाहताना वाटला होता, तोच हेवा द्वारकाबाईला पुन्हा वाटला. जराही कमी नाही.

"आजून," ती म्हणाली. "आजून खाली जा."