धूर मोजायची मशीन

कारंजा गावातल्या टिनाच्या घरांच्या वस्तीत सर्वेवाल्या ताई आल्या आणि इतर घरांसारखीच सकीनाच्या एका खोलीच्या घरातही धूर मोजायची मशीन ठेवून गेल्या. ज्या घरात सगळ्यात जास्त धूर निघेल, त्या घराला बिनधुराची चूल फुकट मिळणार होती. जाता जाता त्यांनी सकीनाच्या नवऱ्याला, दिलावरला बजावलं, "मशीन महागाची आहे भाऊ, जिवापाड जपा."

ती चूल आपल्याच घरी यायला पाहिजे, असं सकीनानं मनाशी पक्कं केलं. दोन दिवस तिनं मुद्दाम कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्या जाळल्या. घरात असा धूर कोंडला की समोरचं माणूस दिसेना. डोळ्यांना धारा लागल्या, भाकरी करपल्या, तरी बाई फुंकणी सोडेना. दिलावर मात्र चूल पेटली की गमछा सावरत बाहेर ओट्यावर पळायचा.

"मले धुरात टाकून सोता हवा खाऊन राह्यला!" ती आतून खोकत खोकत ओरडायची.

तिसऱ्या दिवशी ताईंनी मशीनमधले आकडे पाहिले आणि खूश होऊन म्हणाल्या, "अहो, तुमच्या घरची हवा तर वस्तीत सगळ्यात साफ!"

सकीनाच्या हातातली फुंकणी गळून पडली.


दिलावरची छाती मात्र फुगली. "असनच ना ताई! चूल पेटली का मी मशीन गमछ्यात गुंडाळून बाहीर घेऊन बसत होतो. धूर तिच्या आसपास बी फिरकू नाही देल्ला!"