मधला चौकोन

"घे, आता लोण्यासारखा चालेल," म्हणत श्रीपादने बायकोचा फोन ओट्यावर ठेवला आणि कौतुकाची वाट बघत तिथेच उभा राहिला.

सहा वर्षांचा तो फोन त्याने आज रविवारचा मुहूर्त साधून पार पुसून कोरा केला होता आणि पुन्हा भरला होता. फोटो, नंबर, जुन्या गप्पा, सगळं जागच्या जागी. श्रीपाद विमा कंपनीत अधिकारी, पण जीव सगळा मोबाइलमध्ये. रोज सकाळी सातला 'आजची मोबाइल वार्ता' लिहून तो एकशे चाळीस जणांना पाठवायचा. जगतपुऱ्यातल्या त्यांच्या हिंदीभाषी सोसायटीत कुणाचा फोन अडला, की "श्रीपादजी को दिखाओ" असंच म्हणत. घरच्या फोनकडे बघायला मात्र त्याला आज सवड मिळाली होती.

प्रतिमाने कणकेचा हात पुसला. बेंगळुरूला शिकणाऱ्या लेकीला, तनयाला, ती रोज या वेळी लिहायची. तिने 'जे' दाबलं आणि सवयीने, न बघताच, कीबोर्डवरच्या, शब्द सुचवणाऱ्या मधल्या चौकोनावर बोट टेकवत गेली. मग बघितलं.

"अहो, मी पोरीला जेवलीस का विचारतेय, आणि हा म्हणतोय 'जेब में है'."

श्रीपाद हसला. कीबोर्ड हिंदी राहिला होता, एवढंच. त्याने मराठी केला. तिने पुन्हा 'जे' दाबलं. 'जेणेकरून' आलं.

"हा तर तुमच्या ऑफिसच्या परिपत्रकासारखा बोलायला लागला," ती म्हणाली.

प्रतिमाचा अंगठा संधिवाताने आखडलेला होता. पहिलं अक्षर तिने दाबायचं, पुढचं वाक्य त्या मधल्या चौकोनाने आणून द्यायचं, असा दोघांचा संसार सहा वर्षं चालला होता. आता ती एकेक अक्षर शोधू लागली. वेलांटी सापडली तेव्हा काना हरवला. शेवटी तिने लेकीला नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवलं, फोन पालथा ठेवला आणि पोळी लाटायला घेतली. भांडली असती तर श्रीपादला बरं वाटलं असतं.

काय झालं ते त्याला एव्हाना कळलं होतं. तिने लिहिलेलं फोनने हळूहळू लक्षात ठेवलं होतं, आणि त्याची नक्कल कुठेच नव्हती. कारण 'कीबोर्ड तुमचं लिहिणं कंपनीकडे साठवतो, सावध राहा' ही वार्ता दोन वर्षांपूर्वी त्यानेच दिली होती, आणि पहिल्यांदा प्रतिमाच्या फोनमधली ती नक्कल ठेवायची सोय बंद केली होती. मोठ्या अभिमानाने.

त्याचा फोन वाजला. तनया होती.

"बाबा, आई नाराज आहे का? मतलब, नुसता अंगठा पाठवलाय. असा अंगठा ती सोसायटीच्या सेक्रेटरीला पाठवते."

"नाराज नाही गं. माझ्याकडून तिचे शब्द पुसले गेले."

"सगळे?"

"सगळे."

"परत आणा बाबा," ती म्हणाली. "मी इथे त्यावरच जेवते."

श्रीपादने स्टूल ओढून ओट्याशी बैठक मारली. "मी शिकवतो त्याला. तू फक्त शब्द सांग."

"मला काय पाठ आहेत? बोटाला येत होते," प्रतिमा म्हणाली. "जुन्या गप्पांत बघा."

"वाचू?"

"वाचा की. त्यात काय सोनं पुरलंय."

प्रतिमाने तनयाला लिहिलेलं त्याने आधी काढलं. जेवलीस का. पोचलीस की कळव. केसांना तेल लाव गं. भांडलीस तरी जेवून झोप. एकेक वाक्य तो दहा-दहा वेळा लिहीत होता, आणि लेकीला त्रास नको म्हणून स्वतःच्याच नंबरवर पाठवत होता. त्याच्या खिशात फोन थरथरत राहिला.

मग त्याने प्रतिमाच्या आणि स्वतःच्या गप्पा उघडल्या.

"जेवलात का?" तिने विचारलं होतं. खाली त्याचं उत्तर: नव्या फोनच्या कॅमेऱ्याची बातमी. "गोळी घेतली का?" खाली बॅटरीची बातमी. "कानोत्याचं धरण भरलंय म्हणतात. जाऊ या का रविवारी?" खाली घडी होणाऱ्या फोनची बातमी, आणि 'जरूर वाच'. तो वर वर सरकवत गेला. एक वर्ष, दोन वर्षं. एकशे चाळीस जणांच्या आधी आपण बायकोला वार्ता पाठवतो, याचं त्याला नेहमी भारी वाटायचं. आता कान गरम झाले. आणि समोर पाठमोरी पोळ्या भाजणाऱ्या बाईबद्दल इतकी माया दाटून आली, की त्याला क्षणभर पडद्यावरचं दिसेना.

"सापडले का?" तिने मागे न बघता विचारलं.

"सापडले."

त्याने 'जेवलात का?' दहा वेळा लिहिलं. खिशातला फोन दहा वेळा थरथरला. मग त्याने तिचा फोन तिच्या हातात दिला.

प्रतिमाने 'जे' दाबलं. मधल्या चौकोनात 'जेवलीस' आलं, शेजारी 'जेवलात'. तिने बोट टेकवलं, 'का' आपोआप आलं. संदेश गेला. तिकडून लगेच उत्तर आलं: "आलीस परत!"

ती हसली. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. या वेळी तनया नव्हती. हातभर अंतरावर स्टुलावर बसलेल्या श्रीपादने लिहिलं होतं: "नाही जेवलो. तू जेवलीस का?"

तिने ते दोनदा वाचलं. फोन पालथा न ठेवता डब्याला टेकवून उभा ठेवला आणि फळीवरून दोन ताटं काढली.

"सांगा त्यांना, पानं घेतलीत म्हणावं," ती म्हणाली. "आणि कानोत्याचं काय ठरलं, तेही विचारा."