अर्धी दाढी

नगरसेवकांचा डावा गाल गुळगुळीत झाला होता आणि उजव्यावर फेस होता, तेव्हा सलूनवाल्याने घड्याळाकडे पाहिलं, वस्तरा पुसून ठेवला आणि म्हणाला, "साहेब, मी मत देऊन येतो."

"आत्ता?"

"साडेपाचला बंद होतं. पाच दहा झालेत."

"मग सकाळी नाही का जायचं?"

"सकाळपासून मान वर करायला वेळ नाही. एकोणचाळीस दाढ्या झाल्या. तुमची चाळिसावी."

नगरसेवकांनी आरशातूनच जमिनीवर पडलेले केस पाहिले. "गल्लीत लग्न आहे का कुणाचं?"

"मतदान आहे," बाकावरून इस्त्रीवाला म्हणाला. "ओळखपत्रातल्या फोटोसारखं दिसायला नको? नाहीतर परत पाठवतात." त्याने वरच्या ओठावरून बोट फिरवलं. तिथे आज सकाळपर्यंत बावीस वर्षांची मिशी होती. फोटोत नव्हती.

"मिशीवरून कुणी परत पाठवत नाही रे."

इस्त्रीवाल्याने ओठावरचं बोट खाली घेतलं. "हे सकाळी सांगायला हवं होतं, साहेब."

नगरसेवक हसले, त्यामुळे थोडा फेस तोंडात गेला. "एका मतानं काय होतंय?" ते सलूनवाल्याला म्हणाले. "मी येतोच निवडून. तू दाढी पुरी कर. सहाला फोटोवाले येणार आहेत."

आजोबांच्या काळापासून या दुकानात अर्धी दाढी कधी राहिली नव्हती. शेजारच्या गोदामाला आग लागली, तेव्हाही सलूनवाल्याच्या वडिलांनी आधी गिऱ्हाइकाची हनुवटी पुरी केली आणि मगच बादली उचलली.

"साहेब, माझी नात शाळेतून येताना दारापुढच्या या गटारात पडली. पायाला सात टाके. गटारावर झाकणं टाका म्हणून मी अर्ज घेऊन आलो होतो. तुम्ही मागच्या मतदानाची यादी काढलीत आणि म्हणालात, तुमच्या गल्लीतून मतं पडली नऊ. नऊ मतांत गटार झाकून मिळत नाही."

"मी असं म्हणालो?"

"हसत म्हणालात. पण खोटं नाही म्हणालात. दोनशे घरं आणि नऊ मतं. घरी येऊन सांगताना लाज माझीच मला वाटली."

एवढं बोलून तो अंगावरच्या पांढऱ्या एप्रनसकट बाहेर पडला.

नगरसेवक खुर्चीतून अर्धे उठले. मग आरशात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला आणि ते परत बसले. त्याच आरशात गल्लीही दिसत होती. दारादारांतून माणसं उभी होती, सगळी एकजात तुळतुळीत.

"राहिलाय तो हा एकटाच," कुणीतरी म्हणालं.

"पळ रे, मेल्या," वरच्या खिडकीतून एक म्हातारी ओरडली. सलूनवाला साठीला आलेला होता, पण पळाला.

"मतं एकोणचाळीसच ना झाली?" नगरसेवकांनी इस्त्रीवाल्याला विचारलं.

"त्या दाढ्या झाल्या. बऱ्याच जणांनी घरीच उरकली. आणि बायकांना दाढीची अडचण नव्हती, त्या सकाळी साडेसातलाच जाऊन आल्या. एकूण तीनशे एकोणीस. हा पोचला की तीनशे वीस."

मागच्या खेपेला नगरसेवक एकशे चौदा मतांनी निवडून आले होते. तेवढं गणित त्यांना तोंडी येत होतं.

"आणि सगळ्यांनी दिली कुणाला?"

"ते गुप्त असतं, साहेब."

गालावरचा फेस वाळून चरचरायला लागला, तरी नगरसेवकांनी तो पुसला नाही. सलूनवाला परतला, तेव्हा त्याला धाप लागली होती आणि बोटावरची शाई ओली होती. त्याने नवा फेस केला आणि उजवा गाल डाव्याइतकाच नीट केला. कल्लेही जुळवले. नगरसेवक इतके स्थिर बसले होते की एवढं शांत गिऱ्हाईक त्याला दिवसभरात मिळालं नव्हतं.

दाढी झाल्यावर नगरसेवक घाईने दाराशी आले आणि गटारावरच्या फळीवर थांबले. खाली पाहिलं. पाच वर्षांत पहिल्यांदाच पाहत असावेत.

"हे... लांब किती असेल साधारण?"

"साधारण कशाला, साहेब?" सलूनवाला म्हणाला. "मोजूनच सांगतो."

त्याने उंबरठ्यापाशी टाचेला टाच लावली आणि गटाराच्या कडेने पावलं टाकायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. चौथ्याला इस्त्रीवाल्याने आवाज दिला. पाचवं वरच्या खिडकीतून आलं. कोपऱ्यावरच्या दिव्यापर्यंत पोचेतो सगळी गल्ली मोठ्याने मोजत होती, आणि सलूनवाला वरात निघाल्यासारखा सावकाश चालला होता.