सकाळचा राउंड

निम्म्या गावाची पोटं उघडून शिवणारे डॉक्टर घरी आले की लेकीच्या वेण्या घालायचे आणि बायकोच्या करपलेल्या भाजीलाही नावं ठेवायचे नाहीत. म्हातारपणी स्मृतिभ्रंश झाला आणि लेक, जावई, घराचा पत्ता सगळं एकेक करून पुसलं गेलं. दवाखाना तेवढा डोक्यात शिल्लक राहिला.

आता ते रोज सकाळी पांढरा कोट चढवून घरभर राउंड घेतात. बायको पलंगावर पेशंट होऊन पडते, जीभ दाखवते, "आज बरं वाटतंय, डॉक्टर," म्हणते.

"आई, किती दिवस चालवणार आहेस हे नाटक?" लेक फोनवर चिडली. "बाबांना सरळ सांग ना, तू कोण आहेस ते."

"सांगून पाहिलं गं. परकी बाई बायको म्हणवते म्हणून बिचारे घाबरून कोपऱ्यात जाऊन बसले. मी पेशंट झाले की निदान मायेने विचारपूस तरी करतात."

फोन ठेवला आणि तिचा बांध फुटला. खोलीबाहेरच्या बाकावर बसून ती तोंडाला पदर लावून रडू लागली. राउंड संपवून बाहेर आलेल्या डॉक्टरांना वाटलं, कुणा पेशंटची नातेवाईक असावी. ते तिच्याशेजारी बसले, चष्मा काढला आणि आवाज अगदी खाली आणला.

"बाई, मन घट्ट करा. आम्ही प्रयत्नांची शर्थ केली, पण तुमचे यजमान आता परत येणार नाहीत."