आतली शिवण

"ठेवायचा की द्यायचा?" आत्याने विचारलं आणि आजीचा राखाडी ड्रेस बॉबिनच्या अंगावर फेकला.

बॉबिन म्हणजे आजीची नात. हे नाव आजीनेच ठेवलेलं. पोरगी शिलाई मशीनच्या बॉबिनसारखी गरागरा फिरते, खडखड बोलते आणि दोरा काही संपत नाही, म्हणून. आज मात्र बॉबिनचं तोंड बंद होतं. आजीला जाऊन नऊ दिवस झाले होते. पाच वाजता तिची आठवण काढायला माणसं जमणार होती. आणि माणसं गेली, की बाबा आईशी बोलणार होते.

नऊ दिवस ते आईशी बोललेच नव्हते. "तुझ्या आईला सांग, मला चहा नको." "तुझ्या आईला सांग, दार लोट." आई दोन पावलांवर उभी असायची. आज सकाळचा निरोप वेगळा होता. "तुझ्या आईला सांग, माणसं गेली की मला बोलायचंय. शेवटचं." आईने मान हलवली. पलंगाखालून बॅग ओढली आणि तिच्यात चार कपडे भरले. बॉबिनने ते दारातून पाहिलं.

सगळं झालं त्या डॉक्टरच्या एका वाक्यामुळे. आजी मशीनवर बसल्या बसल्या कोसळली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, "दुखणं दीड वर्षाचं आहे. अंगात नुसती हाडं उरलीत. घरात कुणालाच दिसलं नाही?" बाबा आईकडे वळले. "तू तर दिवसभर घरात असतेस," एवढंच म्हणाले.

पण दिसणार कसं? आजी शेवटच्या दिवसापर्यंत हसत होती. चाळीस वर्षं तिने या खोलीत बसून अर्ध्या गावाचे कपडे शिवले. कोपऱ्यावरचा बेकरीवाला दर वर्षी फुगायचा. आजी त्याची पँट गुपचूप उसवून सैल करायची आणि वर सांगायची, "कंबर आहे तेवढीच आहे हो तुमची, कापडच मेलं आटलं होतं." तो खूश होऊन पाव ठेवून जायचा. अशी बाई! आणि तिचे स्वतःचे ड्रेस तर कायम अंगावर चापूनचोपून बसलेले. आजारी माणसाचे कपडे असे बसतात होय?

घडी घालायला म्हणून बॉबिनने राखाडी ड्रेस उलटा केला. तिचा हात थांबला.

कडेच्या शिवणीच्या आत दुसरी शिवण होती. तिच्या आत तिसरी. तिने मोजल्या. सात. उरलेलं कापड आत दुमडून टाके घातलेले, बाहेरून काही म्हणजे काही कळू नये असे. तिने दुसरा ड्रेस उलटा केला. मग तिसरा. सगळ्यांचं तेच. आजीचं अंग जसं आटत गेलं, तसा ड्रेस आत घेतलेला. दर वेळी अर्धं बोट. आणि त्या लांब बाह्या, गळ्याभोवतीचा तो रुमाल. "थंडी वाजते गं, बॉबिन."

"आत्या! आजीने लपवलं! सगळ्यांना फसवलं तिने!"

आत्या काही म्हणायच्या आत ती पाचही ड्रेस छातीशी धरून बाहेरच्या खोलीत पोचली. नऊ दिवसांत पहिल्यांदा तिला पुरता श्वास घेता आला. बाबा खुर्च्या मांडत होते.

"बाबा, बघा, आतून बघा! आजी कपडे आत घेत होती. कुणाला दिसणं शक्यच नव्हतं. आईलासुद्धा नाही!"

बाबांनी शिवणींवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. त्यांचे खांदे उतरले. त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेने पाहिलं. आता हाक मारणार, बॉबिनला वाटलं. आत्ता मारणार.

तेवढ्यात आत्या आली. तीही शिवणकामच करते, आजीच्याच हाताखाली शिकलेली. तिने ड्रेस घेतला, खिडकीशी नेला, पाठीची बाजू उलगडली. आणि बघतच राहिली.

"काय झालं?" बाबा म्हणाले.

"पाठीच्या शिवणीही घेतल्यात. अंगात घालून, अगदी मापात." आत्याचा आवाज बारीक झाला. "दादा, हे एकटीला जमत नाही. पाठीवर टाचण्या लावायला कुणीतरी मागे उभं राहावं लागतं."

बॉबिनला वाटलं, सगळे ड्रेस परत कपाटात कोंबावेत आणि किल्ली गिळून टाकावी. कोण, हे विचारायची गरजच नव्हती. दिवसभर घरात आजीजवळ एकच माणूस असायचं.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. तिने ड्रेस पाहिले. मग बॉबिनकडे पाहून ती जराशी हसली, आणि बॉबिनला रडूच फुटलं.

"तुला माहीत होतं," बाबा म्हणाले. नऊ दिवसांनी, थेट तिला. आवाज इतका हळू की आत्या एक पाऊल मागे सरकली. "दीड वर्ष माहीत होतं. आणि तू टाचण्या लावत बसलीस."

"हो. 'दवाखान्याच्या खाटेवर नाही, मशीनवर बसून जायचंय मला,' म्हणाल्या. मला शब्द द्यायला लावला."

"आणि मला? मला कोण सांगणार होतं?"

"त्याच," आई म्हणाली. "'लेकाने एकदा जरी तब्येत विचारली, तरी खोटं बोलणार नाही,' म्हणाल्या होत्या. म्हणून तर रोज सकाळी तुमच्या समोर येऊन बसायच्या."