फाटकी पाकळी

फुलांची हुबेहूब चित्रं काढण्यात मावशींची हयात गेली होती. आता घरी बसा, हे सांगायला संग्रहालयाचे साहेब आले आणि त्यांनी नेमकं ताज्या चित्रावर बोट ठेवलं.

"शेवंतीची ही पाकळी फाटकी काढलीत, मावशी. नजर साथ देत नाही आता."

"दिसली तशीच काढली."

साहेबांनी समोरचं फूल भिंगाखाली धरलं. पाकळी नव्हतीच ती. एक पिवळाधमक कोळी पाय पसरून माशीची वाट बघत बसला होता. चित्रातली एकेक चीर म्हणजे त्याचा एकेक पाय होता. साहेबांनी भिंग मावशींपुढे केलं.

मावशी भिंगाला डोळा लावून हसल्या. "काय बेमालूम बसलाय लबाड! फूल अलगद ठेवा, साहेब. आमचं दोघांचंही काम चाललंय अजून."