नव्या छपराखालची बिअर

इर्माने पिंपाच्या फळीतली लाकडी खुंटी उपटली, तशी बिअरची बारीक धार थेट पेल्यात पडली. तिने खुंटी परत बसवली. थोडी बिअर मनगटावरून ओघळत बाहीत शिरली, पण तिने ती चाटून पाहिली नाही. पहिला घोट सासूबाईंचा, असा त्या घरचा रिवाज होता, आणि आज तो मोडायची तिची छाती नव्हती.

लेओनीबाई पिंपांपुढे खुर्चीत बसल्या होत्या. डोळ्यांनी त्यांना केव्हाच दगा दिला होता, जिभेने नाही. ब्रसेल्सपासून खाली नदीकाठाने जेवढे म्हणून आंबट बिअर मुरवणारे होते, ते सगळे त्यांच्या जिभेला वचकून असत. बिअर बिघडलेली असली तर त्या बोलत नसत, पेला सरळ जमिनीवर ओतत. मग त्या पिंपासाठी कोणी रदबदली करायची नाही.

आज मात्र प्रश्न एका पिंपाचा नव्हता. सरकारचा नवा रस्ता जुन्या भट्टीवरून गेला होता. एक मोठी कंपनी घराण्याचं नाव विकत घ्यायला आणि इर्माच्या नवऱ्याला, गुस्तला, माल पोचवायच्या गाडीवर नोकरी द्यायला तयार होती. गुस्त तर निघालाच होता. इर्मा अडून बसली. गावाच्या टोकाला ओढ्यापाशी सासूबाईंच्या वडिलांची जागा पडून होती, तिथे तिने छप्पर उभारायला लावलं.

छप्पर कोणीही उभारील. पण ही बिअर माणूस करतच नाही. थंडीच्या रात्री धान्याचा गरम काढा माळ्यावरच्या रुंद तांब्याच्या परातीत उघडा ठेवायचा आणि आपण झोपायला जायचं. हवेत जे काही राहत असेल ते उतरतं, काढ्यात शिरतं आणि पुढे पिंपात महिनोन्‌महिने आपलं काम करत बसतं. जुन्या घरातलं ते इथे येईल का, हे सांगणार कोण? म्हणून जुनी भट्टी पाडायच्या आधी इर्माने तिची कौलं आणली, बुरशीने काळ्या पडलेल्या फळ्या आणून नव्या माळ्यावर ठोकल्या, जाळ्यांसकट कोळीसुद्धा डब्यात घालून आणले. इर्मा कोळ्यांना हवापालटाला घेऊन चालली, म्हणून गाव खो-खो हसलं. जुनी पिंपं तेवढी आली नाहीत. ती तळघरातच बांधलेली होती, दारातून निघेनात, मोडावी लागली.

त्यानंतर दोन उन्हाळे गेले. गुस्तने बायकोला एवढंच कबूल केलं होतं की आई ‘आपली’ म्हणाली तर राहायचं, नाहीतर कंपनीला होकार कळवायचा.

लेओनीबाईंनी पेला नाकाशी धरला. मग घोट घेतला आणि तोंडातच ठेवला, बराच वेळ. शेवटी गिळला.

“ही आपली नाही,” त्या म्हणाल्या.

गुस्तने टोपी काढली. तो वाईट माणूस नव्हता. त्याने बायकोच्या खांद्यावर हात ठेवला आणि तू तुझ्याकडून काही कमी केलं नाहीस, असं काहीतरी पुटपुटला. इर्माने वर फळ्यांकडे पाहिलं. एवढं सगळं वाहून आणलं, आणि आलं कोणीच नाही. तिला लाज वाटली, आणि रडू आलं ते तिने गिळलं. बिअर ओतून टाकायला तिने सासूबाईंच्या हातातला पेला घेऊ पाहिला, तर त्या तो सोडीनात.

त्यांनी दुसरा घोट घेतला, पहिल्यापेक्षा मोठा. मग पलीकडच्या पिंपातली मागितली. तीही प्यायल्या.

“आई, आवडली नाही ना? मग पितेस कशाला?” गुस्त म्हणाला.

“आवडली नाही असं कोण म्हणालं?”

त्यांचे गाल ओले झाले होते. नवऱ्याला पुरलं त्या दिवशीसुद्धा गुस्तने आईला रडताना पाहिलं नव्हतं. त्यांनी पेला इर्मापुढे धरला आणि पी म्हणाल्या. इर्मा प्यायली. आंबटपणाने आधी जबडा आवळला, मग त्यामागून हळूहळू काहीतरी वर आलं. हिरव्या अक्रोडाची साल, पेंढ्यात ठेवलेली सफरचंदं, ओली लोकर. जन्म या नदीकाठी गेला तिचा, पण अशी चव तिच्या जिभेला कधी लागली नव्हती. तिच्या अंगावर काटा आला.

सासूबाई बोलू लागल्या, हळू, थांबत थांबत. इथेच, या जागेवर, त्यांच्या वडिलांची भट्टी होती. पहिल्या महायुद्धात सैनिकांनी तोफगोळ्यांसाठी तांबं ओरबाडून नेलं आणि वडिलांनी पुन्हा चूल पेटवली नाही. घर पडलं, दगड लोकांनी डुकरांच्या खुराड्यांना नेले. त्यांचं लग्न झालं, आणि नवऱ्याच्या घरच्या चवीला त्या आपली म्हणायला शिकल्या. ही चव वडिलांच्या बिअरची होती, आणि ती प्यायलेलं गावात आता दुसरं कोणी उरलं नव्हतं. तिथलं म्हणून काही आणायलाही उरलं नव्हतं. नुसती हवा होती, खाजऱ्या रानझुडपांवरची, आणि इतक्या वर्षांत तिच्यापुढे कोणी काही उघडं ठेवलंच नव्हतं.

इर्मा माळ्याखालच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. तिथे काहीच दिसत नव्हतं.

मग कंपनीला काय कळवू, एवढंच गुस्तने विचारलं.

लेओनीबाईंनी पेला पुन्हा भरायला पुढे केला.

“पन्नास वर्षांनी माहेरी आलेय, गुस्त. लगेच उठवतोस मला?”